विश्लेषण : खात्यातून परस्पर पैसे गेले? लहान खातेदाराच्या हातात तीनच दिवस

तेंदूपानाची मजुरी, धानाचे चुकारे, रोजगार हमीचे पैसे, पीएम किसानचा हप्ता, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये... चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत घराघरांत येणारा पैसा आता हातात कमी आणि बँक खात्यात जास्त येतो. त्यामुळे चोरीची पद्धतही बदलली आहे. एटीएम कार्ड घरातच असते, ओटीपी कुणाला सांगितलेला नसतो, तरी पासबुक भरून आणले की शिल्लक कमी दिसते. असे गेलेले पैसे परत मिळतात का? मिळू शकतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. मात्र या नियमातील मुदत लहान खातेदाराला मोठ्या खातेदारापेक्षा जास्त जाचते, हे फारसे कुणी सांगत नाही. नियम काय आहे, दिवस कसे मोजायचे आणि तक्रार कुठे करायची, हे समजून घेऊ.

चंद्रपुरात काय घडले होते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाल्याचे समोर आले. तीसहून अधिक खातेदारांचे मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये परस्पर भलत्याच खात्यांत वळते झाले. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेवर असाच मोठा हल्ला झाला होता. बनावट कार्डे वापरून अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि एकूण ९४ कोटी रुपयांचा गंडा घातला गेला. या खटल्यात एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

‘ग्राहकाने ओटीपी सांगितला असेल, कार्ड कुणाला दिले असेल’ हे बँकेच्या काउंटरवर नेहमी ऐकू येणारे उत्तर प्रत्येक वेळी खरे नसते, हे या दोन घटनांतून दिसते. चोर बँकेच्या यंत्रणेतूनही शिरतो, तेव्हा ग्राहकाने काहीच चुकीचे केलेले नसते. म्हणून कुणाची चूक होती हा प्रश्न आधी विचारायला हवा. रिझर्व्ह बँकेचा नियमही तिथूनच सुरू होतो.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवणारे परिपत्रक काढले. ते व्यापारी बँकांबरोबर ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि पेमेंट बँकांनाही लागू झाले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. त्याचा गाभा असा :

– चूक, निष्काळजीपणा किंवा लबाडी बँकेच्या बाजूने असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाने तक्रार केली की नाही, केव्हा केली, याने फरक पडत नाही.

– चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी यंत्रणेतून पैसे लांबवले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. पूर्ण रक्कम बँकेने द्यायची.

– चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास ग्राहकाने ठरावीक मर्यादेपर्यंत तोटा सोसायचा. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा ५ हजार रुपये, साध्या बचत खात्यासाठी १० हजार रुपये. मोठ्या चालू खात्यांसाठी आणि जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डांसाठी ती २५ हजार रुपये आहे.

– सात दिवसांनंतर कळवल्यास बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो.

परिपत्रकातील आणखी दोन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ‘मी ओटीपी दिला नाही’ याचा पुरावा ग्राहकाकडे मागता येत नाही.

तीन दिवस कसे मोजायचे?

चोरी झाल्याच्या दिवसापासून ही मुदत सुरू होत नाही. व्यवहाराची सूचना बँकेकडून ग्राहकाला मिळाली, तो दिवस सोडून पुढचे दिवस मोजायचे. दिवस म्हणजे तुमची मूळ शाखा जितके दिवस सुरू असते तितकेच. समजा, शुक्रवारी सायंकाळी पैसे गेल्याचा एसएमएस आला. शुक्रवार मोजायचा नाही. दुसरा शनिवार असल्याने बँक बंद, नंतर रविवार. म्हणजे सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे तुमचे तीन दिवस.

बँकेचे दार उघडण्याची वाट मात्र पाहू नका. तक्रार घेण्यासाठी टोल फ्री क्रमांक, एसएमएस, ईमेल अशी सोय चोवीस तास ठेवणे बँकांना बंधनकारक आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. शाखेपर्यंत पोहोचता येत नसेल तेव्हा फोनवर नोंदवलेली तक्रारही तक्रारच असते. तिचा क्रमांक मागून लिहून ठेवायचा.

लहान खातेदाराला जास्त फटका कसा?

नियमात ‘व्यवहाराची रक्कम किंवा ठरवलेली मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती’ ग्राहकाने सोसावी असे म्हटले आहे. वाचायला हे सोयीचे वाटते. आता दोन उदाहरणे घ्या.

एका व्यापाऱ्याच्या साध्या बचत खात्यातून एका व्यवहारात ८० हजार रुपये गेले. त्याने पाचव्या दिवशी बँकेला कळवले. त्याचा तोटा १० हजारांपुरताच, बाकीचे ७० हजार बँकेने द्यायचे.

एका मजूर महिलेच्या जनधन खात्यातून ३ हजार रुपये गेले. तिनेही पाचव्या दिवशीच कळवले. तिची मर्यादा ५ हजार रुपये. गेलेली रक्कम त्याहून कमी आहे, म्हणून सगळे ३ हजार तिचेच गेले.

दिवस तोच आणि नियमही तोच, तरी व्यापाऱ्याचे बहुतेक पैसे वाचले आणि मजूर महिलेच्या हाती काहीच आले नाही. चौथ्या ते सातव्या दिवसाची सवलत मोठ्या रकमेला आधार देते. पाच हजारांच्या आतील रकमेला तिचा काहीच उपयोग नाही. खात्यात चार-पाच हजारच असणाऱ्याला तीन दिवस संपले की या नियमाचे पक्के संरक्षण उरत नाही.

शिवाय ज्याला ही मुदत पाळणे सर्वांत अवघड, त्यालाच ती सर्वांत कडक आहे. जिवती, कोरची, एटापल्ली किंवा सिरोंचा तालुक्यांतील आतल्या गावांत मोबाइलचे नेटवर्क सगळीकडे सारखे नाही. अनेक घरांत एकच मोबाइल असतो. खात्याला जोडलेला क्रमांक कधी बंद पडलेला असतो, तर कधी कामासाठी परगावी गेलेल्या मुलाचा असतो.

अंगठ्याच्या ठशावर पैसे कसे जातात?

खेड्यांत बँक मित्राकडे किंवा ग्राहक सेवा केंद्रात आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा देऊन पैसे काढता येतात. या सोयीला आधार आधारित पेमेंट यंत्रणा, म्हणजेच एईपीएस म्हणतात. त्यासाठी कार्ड, पिन किंवा ओटीपी लागत नाही. एका व्यवहाराची कमाल मर्यादा १० हजार रुपये आहे. शाखा पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या गावाला हा मोठाच आधार आहे. पण ठसाच किल्ली असेल, तर ठशाची नक्कल झाली की कुलूप उघडते.

ठशाची नक्कल होऊ शकते, हे शेजारच्या तेलंगणात दिसले आहे. २०१८ मध्ये पेद्दपल्ली जिल्ह्यातील एकाने जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरील ठशांवरून बनावट ठसे तयार केले आणि त्यांच्या आधारे सिमकार्डे सुरू केली. पुढे अशाच ठशांनी बँक खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघड झाले. त्यानंतर ठसा खऱ्या बोटाचा आहे की नकली, हे तपासणारी नवी पद्धत आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणली. एईपीएस केंद्र चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी दिले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू केले.

दुसरा प्रकार साधा आहे. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून दोनदा ठसा घ्यायचा. दोन्ही वेळा पैसे काढायचे आणि हातात एकदाचेच द्यायचे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बँक मित्र हा बँकेचा प्रतिनिधी असतो आणि त्याच्या कामाची जबाबदारी बँकेवर असते. त्याने लबाडी केली असेल तर ती बँकेच्या बाजूची लबाडी ठरते, आणि तिथे तीन दिवसांची अट आड येऊ नये. ‘तो माणूस आमचा नाही’ असे शाखेने तोंडी सांगितले, तर तेच लेखी द्यायला सांगा.

काळजी म्हणून प्रत्येक वेळी छापील पावती मागा. ठसा दुसऱ्यांदा मागितला तर आधी शिल्लक तपासायला सांगा. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येते, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो. मात्र लॉक केल्यावर रेशन दुकानातही ठसा चालणार नाही. रेशन घ्यायला जाण्याआधी ते तात्पुरते उघडावे लागते, हे घरातील थोरांना आधीच सांगून ठेवा. आधारच्या मदतीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. आपला आधार गेल्या सहा महिन्यांत कधी आणि कशा प्रकारे पडताळला गेला, याची नोंदही तिथल्या संकेतस्थळावर पाहता येते. तक्रारीला ती जोडता येईल.

ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर?

ग्राहकाने स्वतः पिन, ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर तो निष्काळजीपणा मानला जातो. बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. पण कळवल्यानंतर जे पैसे जातील, त्यांची जबाबदारी बँकेची. म्हणून ‘चूक आपलीच आहे, आता कुणाला सांगायचे’ असे म्हणून गप्प बसणे सर्वांत महागात पडते. चोर बहुतेकदा एकदाच पैसे काढून थांबत नाही. तुमचा पहिला फोन पुढची रक्कम वाचवू शकतो.

पैसे गेल्याचे कळताच काय करावे?

१. बँकेच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून कार्ड, यूपीआय आणि एईपीएस बंद करायला सांगा. क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक अनेकदा चोराचाच असतो.

२. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकण्याआधी गोठवता आले, तरच ते हाती लागतात. मिळालेल्या क्रमांकाच्या आधारे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा.

३. १९३०ला फोन केला म्हणजे बँकेला कळवले असे होत नाही. तीन दिवसांची मुदत बँकेला कळवण्याची आहे. दोन्हीकडे तक्रार हवी.

४. मूळ शाखेत साध्या कागदावर दोन प्रती करून अर्ज द्या. ‘हा व्यवहार मी केलेला नाही. मला याची माहिती अमुक तारखेला मिळाली. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे रक्कम परत मिळावी,’ एवढा मजकूर पुरेसा आहे. एका प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. एसएमएस आलाच नसेल तर तेही अर्जात लिहा.

५. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते.

६. मोबाइलमधील एसएमएस पुसू नका. पासबुक त्याच दिवशी भरून घ्या.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. एटीएमने पैसे दिले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, तर ती चोरी नव्हे, फसलेला व्यवहार आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९चा वेगळा नियम आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे.

बँकेने दाद दिली नाही तर?

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ‘एक देश, एक लोकपाल’ पद्धत आहे. तक्रार ऑनलाइन करता येते किंवा साध्या कागदावर लिहून टपालाने पाठवता येते. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

या दोन जिल्ह्यांसाठी यात अलीकडे एक मोठा बदल झाला. गावोगावच्या शेतकऱ्यांची खाती असलेल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी लोकपालाच्या कक्षेत नव्हत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कक्षेत आल्या. म्हणजे चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा खातेदारही आता स्टेट बँकेच्या खातेदाराप्रमाणेच लोकपालाकडे दाद मागू शकतो. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश दिला. कंपनीच्या खात्यात तिच्या नकळत नवे लाभार्थी जोडून पैसे काढले गेले होते. लोकपालाने कंपनीची तक्रार आधी फेटाळली होती. न्यायालयाने २०१७च्या परिपत्रकावर बोट ठेवून ग्राहकाची जबाबदारी शून्य असल्याचे सांगितले.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. त्यात स्टेट बँकेला एका खातेदाराचे ९४ हजारांहून अधिक रुपये परत द्यायचे होते. त्या खातेदाराने २४ तासांच्या आत बँकेला कळवले होते आणि ही गोष्ट त्याच्या बाजूने महत्त्वाची ठरली. ग्राहकांनीही सावध राहावे, ओटीपी कुणाला देऊ नये, असे न्यायालयाने त्याच वेळी बजावले.

मग अडचण कुठे आहे?

नियम आहे, हेल्पलाइन आहे, लोकपाल आहे, न्यायालयांचे निकालही ग्राहकाच्या बाजूचे आहेत. पण हे सारे सुरू होते ते एका एसएमएसपासून. तो पोहोचलाच नाही, किंवा वाचता आला नाही, तर खातेदाराला पैसे गेल्याचे महिन्याभराने पासबुक भरताना कळते. परिपत्रकातील मुदत ‘सूचना मिळाल्यापासून’ आहे, पाठवल्यापासून नाही. हा फरक शाखांनी प्रामाणिकपणे मानला, तर नेटवर्क नसलेल्या गावातील खातेदाराचे अर्धे काम होईल. ग्राहकाच्या जबाबदारीचा पुरावा बँकेने द्यायचा असेल, तर सूचना पोहोचल्याचा पुरावाही बँकेकडूनच मागायला हवा.

करण्यासारखी कामे फार खर्चिक नाहीत. प्रत्येक शाखेत तक्रारीचा मराठी छापील अर्ज आणि पोच देण्याची सक्ती हवी. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या गावांत हा नियम त्यांच्या भाषेत समजावून सांगायला हवा. तेंदूपानाचा आणि धान खरेदीचा हंगाम संपला की खात्यांत पैसे येतात. त्याच काळात खात्याला जोडलेले मोबाइल क्रमांक तपासण्याची शिबिरे ग्रामसभांच्या मदतीने घेता येतील. रिझर्व्ह बँकेनेही एक दुरुस्ती करावी. मूलभूत बचत खात्यासाठी चौथ्या ते सातव्या दिवसाची मर्यादा सरसकट ५ हजार न ठेवता ती गेलेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांत बांधावी. म्हणजे ३ हजार गमावणाऱ्यालाही काहीतरी परत मिळेल.

तोवर मात्र खातेदाराने पहिल्या तीन दिवसांतच हालचाल करायला हवी. आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या पासबुकावर बँकेचा टोल फ्री क्रमांक आणि १९३० हे दोन आकडे ठळक लिहून ठेवा आणि त्यांच्या खात्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे, ते तपासा.